मायक्रोसॉफ्ट ३६५ वर सगळं असताना वेगळा बॅकअप कशाला? मालकांना आकड्यांत काय सांगू?

भोसरीचा_एकटा_ॲडमिन

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत मशीनिंगचा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्डची ६० लायसन्स. शेअरपॉइंटवर ९०० जीबी (ड्रॉइंग, सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरच्या असेंब्ली म्हणजे अनेक पार्ट जोडून केलेल्या फायली, पीपॅपच्या म्हणजे ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याच्या फायली, ग्राहकांच्या पीओ म्हणजे खरेदी ऑर्डरी), मेल ४०० जीबी, वनड्राइव्ह २०० जीबी, म्हणजे एकूण दीड टीबी. टॅली ऑफिसच्या सर्व्हरवर आहे आणि त्याचा बॅकअप रोज होतो, तो विषय नाही. ग्रुपची एक छोटी डिझाइन फर्म कोथरूडला आहे, १२ जण, गूगल वर्कस्पेस बिझनेस स्टँडर्डवर.

मालक म्हणतात, "दर महिन्याला एवढं बिल भरतो, त्यांच्याकडे डेटाच्या चार-चार कॉप्या असतात. त्यावर आपण पाचवी कॉपी काढायची म्हणजे दुधात पाणी नाही, पाण्यात पाणी." बॅकअप हवा हे मला पटलेलं आहे, पण "हवा असतो" एवढ्यावर चेक सुटत नाही. नेमकं काय, किती दिवसांनी, कशामुळे जातं ते सांगा. कायद्याची काही सक्ती आहे का? आणि करायचाच तर नॅस (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डिस्क-बॉक्स) आणू की ऑनलाइन सेवा घेऊ?

---

रीसायकल_बिन

मालकांचं अर्धं खरं आहे. त्यांच्याकडे कॉप्या असतात, पण त्या डिस्क किंवा डेटा सेंटर पडलं तर सेवा चालू राहावी म्हणून. तुमच्या माणसाने फोल्डर डिलीट केला की तो हुकूम सगळ्या कॉप्यांवर इमानेइतबारे जातो. हुकूम बरोबर होता की चूक, हे कॉपीला कळत नाही.

आता मुदती. मालकांपुढे याच ठेवा.

मेल: डिलिटेड आयटम्समधूनही उडवलेला मेल 'रिकव्हरेबल आयटम्स'मध्ये १४ दिवस राहतो. ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवस करता येते, तीही पॉवरशेलमधून (ॲडमिनने कमांड लिहून), आपोआप नाही. आजच करून टाका, फुकट आहे. फक्त मेलबॉक्स प्लॅनमध्येही (नव्या मेलबॉक्सच्या मूळ सेटिंगमध्ये) बदला, नाहीतर उद्या उघडलेला नवा मेलबॉक्स पुन्हा १४ वरच येतो.

शेअरपॉइंट आणि वनड्राइव्ह: दोन टप्प्यांची रीसायकल बिन, दोन्ही मिळून ९३ दिवस. पुष्कळ जण हे ९३ अधिक ९३ समजतात, तसं नाही. घड्याळ पहिल्या डिलीटपासून चालू होतं. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट आणखी १४ दिवस स्वतःकडे कॉपी ठेवतं, पण सपोर्टला तिकीट टाकून, आणि मिळते ती अख्खी साइट मागच्या तारखेला नेऊन. एक फोल्डर मागितला तर मिळत नाही. म्हणजे एका ड्रॉइंगसाठी बाकीच्यांचं त्यानंतरचं काम पुसायचं.

माणूस सोडून गेला: खातं डिलीट केलं की मेलबॉक्स ३० दिवस. वनड्राइव्ह मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस टिकतं, मग ९३ दिवस बिनमध्ये. वनड्राइव्हची ही मुदत ॲडमिन सेंटरमधून ३६५० दिवसांपर्यंत वाढवता येते. हा बदलही आजच करा. लायसन्स वाचवायला मेलबॉक्स 'शेअर्ड' केला तर ५० जीबीपर्यंत लायसन्स लागत नाही, पण त्याच माणसाचं वनड्राइव्ह शेअर्ड होत नाही, ते आपल्या वाटेने जातं. खातं ठेवून नुसतं लायसन्स काढण्याची युक्तीही आता चालत नाही. जानेवारी २०२५ पासून असं वनड्राइव्ह ९३ दिवसांनी आर्काइव्हमध्ये जातं आणि उघडायला वेगळे पैसे पडतात.

टीम्स: डिलीट केलेली टीम ३० दिवसांत परत आणता येते. पण टीम्सचा डेटा एका जागी नसतोच. चॅनेलच्या फायली शेअरपॉइंटवर, एकास-एक चॅटमध्ये टाकलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हवर, चॅटच्या मजकुराची कॉपी मेलबॉक्सच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, आणि प्रत्येक प्रायव्हेट चॅनेलची शेअरपॉइंट साइट वेगळी. म्हणून क्वालिटीवाला सोडून गेला आणि त्याचं वनड्राइव्ह संपलं, की त्याने चॅटवर पाठवलेले सगळे तपासणी अहवाल समोरच्यांच्या चॅटमध्ये नाव दिसतं पण उघडत नाहीत, असे होतात.

या मुदती मुळात 'चूक झाली आणि लगेच कळली' यासाठी आहेत. कारखान्यात चूक कळते ती ग्राहकाचं ऑडिट येतं तेव्हा, म्हणजे आठ-दहा महिन्यांनी.

---

धोरणी

इतका खटाटोप कशाला? रिटेन्शन पॉलिसी (डेटा ठरावीक काळ जपून ठेवण्याचा मायक्रोसॉफ्टमधलाच नियम) लावा, काहीही डिलीट केलं तरी मागे राहतं. विषय संपला.

---

रीसायकल_बिन

@धोरणी, पॉलिसी उपयोगी आहे, पण ती पुरावा जपते, काम चालू करून देत नाही. शेअरपॉइंटवर तिने धरलेल्या फायली 'प्रिझर्वेशन होल्ड' लायब्ररीत जातात. तिथे मूळ फोल्डरची मांडणी नसते, परवानग्या नसतात. चार फायली शोधायच्या तर ठीक, ४० हजार फायलींचं झाड पुन्हा उभं करायचं तर दिवाळी येईल. त्यात ती लायब्ररी साइटच्याच कोट्यातून जागा खाते. आणि यांच्याकडे बिझनेस स्टँडर्ड आहे, त्यात मेलसाठी एक्स्चेंजचा प्लॅन १ येतो. लिटिगेशन होल्डला (मेलबॉक्समधलं काहीच कायमचं पुसू न देण्याला) प्लॅन २ किंवा आर्काइव्हिंगची जोड लागते.

शिवाय पॉलिसी बदलणारा हात आणि डेटा उडवणारा हात एकच असू शकतो. ऑगस्ट २०२० मध्ये केपीएमजीत टीम्सची एक रिटेन्शन पॉलिसी एका खात्याऐवजी सगळ्यांना लागली आणि सुमारे १ लाख ४५ हजार जणांची वैयक्तिक चॅट गेली. हल्लेखोर नव्हता, व्हायरस नव्हता. ॲडमिनची एक चुकीची निवड.

---

आवृत्ती_क्र_५०१

रॅन्समवेअरबद्दल (फायली एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसबद्दल) कोणी बोललं नाही म्हणून. एका लॅपटॉपवर फायली एन्क्रिप्ट झाल्या की वनड्राइव्हचा सिंक त्या बिघडलेल्या फायली निष्ठेने वर चढवतो. तिथून सुटका आहे: 'रिस्टोअर धिस लायब्ररी' वापरून गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणी मागे जाता येतं. पण ते आवृत्त्यांच्या जोरावर चालतं. मूळ मर्यादा ५०० आवृत्त्या, आणि कारखान्यात तीच पहिली कापली जाते. कारण साधं आहे. तुमची शेअरपॉइंटची जागा १ टीबी अधिक प्रत्येक लायसन्समागे १० जीबी, म्हणजे १.६ टीबी. २०० एमबीची असेंब्ली ५० वेळा सेव्ह केली की १० जीबी गेले, कारण प्रत्येक आवृत्ती कोट्यात पूर्ण आकाराची धरली जाते. जागा भरत आली की ॲडमिन मर्यादा खाली आणतो, आणि मग ज्या दिवशी गरज लागते त्या दिवशी मागच्या आवृत्त्याच नसतात. हल्लेखोराला ॲडमिनचं खातं मिळालं तर तो आधी हेच करतो.

बॅकअपमधून सॉलिडवर्क्सच्या फायली परत आणताना एक गोष्ट: असेंब्ली आपले पार्ट पाथवरून शोधते. 'रिस्टोअर_जुनं' अशा नव्या फोल्डरमध्ये उतरवलं की पार्ट सापडत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुनी असेंब्ली नव्या पार्टला जाऊन चिकटते आणि कोणाला कळतही नाही. एका कॉम्प्युटरवर सिंक बंद करून अख्खा प्रोजेक्ट त्याच पाथवर उतरवा, उघडून बघा, मग वर चढवा. एकमेकांना जोडलेल्या एक्सेल फायलींचंही असंच.

---

ताळेबंद

कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर. कंपनी असल्यामुळे कंपनीज (अकाउंट्स) रूल्स, २०१४ चा नियम ३(५) लागू. हिशोबाची पुस्तकं आणि 'इतर पुस्तके व कागदपत्रे' इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा. ऑगस्ट २०२२ पूर्वी इथे 'ठरावीक काळाने' असं होतं, दुरुस्तीने 'रोज' झालं. तुमचा टॅलीचा बॅकअप होतो म्हणून सुटलात असं नाही, कारण कायद्यातल्या व्याख्येत व्हाउचर, करार, सभेची इतिवृत्तं, रजिस्टर हेही येतं, आणि ते सगळं तुमच्या शेअरपॉइंटवर पडलेलं असणार. त्याच नियमाखाली, क्लाउडवर हिशोब असतील तर सेवा देणाऱ्याचं नाव, आयपी पत्ता आणि ठिकाण दरवर्षी रजिस्ट्रारला कळवायचं असतं.

किती वर्षं? कंपनी कायद्याचं कलम १२८: ८ आर्थिक वर्षं. जीएसटी: वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. यापुढे ९३ दिवस ठेवून बघा, मालकांना आकडाच हवा होता.

वैयक्तिक डेटा (कामगारांचे आधार, बँक तपशील, वैद्यकीय दाखले) असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वाजवी सुरक्षा उपायांत डेटा उपलब्ध राहावा म्हणून बॅकअपचा उल्लेख त्यात आहे. उपाय न केल्याचा दंड २५० कोटींपर्यंत. तुमच्यावर तेवढा लागेल असं कोणी म्हणत नाही, पण मालकांसमोर वाक्य उच्चारताना सावकाश उच्चारा.

'डेटा भारतात' या मुद्द्याला मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत घाबरू नका. ॲडमिन सेंटरच्या ऑर्ग सेटिंग्जमध्ये डेटा लोकेशन दिसतं. बॅकअप सेवा घेताना मात्र तिचा साठा कुठल्या देशात हे लेखी घ्या. तिथेच लोक चुकतात.

---

कोथरूड_ड्राइव्ह

गूगलची बाजू. जीमेल आणि ड्राइव्ह दोन्हींचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, त्यानंतर २५ दिवस ॲडमिन कन्सोलमधून परत आणता येतं. डिलीट केलेला युजर २० दिवसांत परत येतो. माय ड्राइव्हमधल्या फाइलची मालकी माणसाची असते. म्हणून कोणी सोडून जाताना आधी ड्राइव्हची मालकी दुसऱ्याकडे द्या, मग खातं काढा. किंवा मुळातच कामाच्या फायली शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवा, तिथे मालकी संस्थेची असते. व्हॉल्ट (गूगलचं डेटा जपून ठेवण्याचं साधन) बिझनेस प्लसपासून वर आहे, तुमच्या स्टँडर्डमध्ये नाही. पीडीएफ, पीएसडी, कॅड अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या, मग जातात. 'कायम ठेवा' असं एकेका आवृत्तीला सांगावं लागतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. ड्राइव्ह फॉर डेस्कटॉपचा फोल्डर दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायचा आणि बॅकअप झाला म्हणायचं. गूगल डॉक्स आणि शीट्सच्या त्या फायली काही केबींच्या असतात आणि आत फक्त लिंक असते. मूळ शीट गेली की डिस्कवरची फाइल म्हणजे घर पाडल्यावर उरलेली पत्त्याची पाटी. खरा मजकूर हवा तर डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्समध्ये एक्सपोर्ट व्हायला पाहिजे.

१२ जणांसाठी आरक्लोन (क्लाउडवरून फायली उतरवणारं साधन) पुरतं, ते हा एक्सपोर्ट करून आणतं. सेटअप करताना स्वतःचा क्लायंट आयडी (गूगलपुढची त्या साधनाची ओळख) बनवा, सगळ्या जगाने वापरलेल्या सामाईक आयडीवर वेग मिळत नाही. गूगलच्या एपीआयमधून (सॉफ्टवेअरसाठी ठेवलेल्या वाटेतून) एक्सपोर्ट होणाऱ्या फाइलला १० एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे चित्रांनी भरलेलं मोठं प्रेझेंटेशन नेमकं सुटतं. रोजच्या लॉगमध्ये एररची संख्या बघा, 'पूर्ण झालं' हा शब्द बघून सोडून देऊ नका. मूळ सेटिंगमध्ये ॲप्स स्क्रिप्ट आणि फॉर्म यात येत नाहीत. परत चढवताना एका युजरला दिवसाला ७५० जीबीची मर्यादा आहे, तुमच्या आकाराला अडचण नाही.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये जगभर दिसलं. ड्राइव्ह फॉर डेस्कटॉपच्या ८४ व्या आवृत्तीत काहींच्या अलीकडच्या फायली दिसेनाशा झाल्या आणि गूगलला रिकव्हरीचं साधन वेगळं काढावं लागलं.

---

भोसरीचा_एकटा_ॲडमिन

सगळ्यांचे आभार. मुदतींचा तक्ता करून मालकांना दाखवला. त्यावर प्रतिप्रश्न: मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा बॅकअप आहे ना, तोच घ्या, बाहेरचा कशाला? आणि दुसरं, नॅस घेतला तर दीड टीबी उतरायला किती वेळ लागेल? १०० एमबीपीएसची लाइन आहे, अपलोड २० मिळतं.

---

तीन_दोन_एक

मायक्रोसॉफ्ट ३६५ बॅकअप जुलै २०२४ पासून सर्वांना खुला आहे. दर जीबीमागे महिना ०.१५ डॉलर, दीड टीबीला महिना साधारण २२५ डॉलर, ॲझ्युअरच्या बिलातून. डिलीट झालेलं पण धरून ठेवलेलंही मोजलं जातं, त्यामुळे बिल वाढत जातं. रिस्टोअर मात्र फार जलद, कारण डेटा घराबाहेर जातच नाही. शेअरपॉइंट-वनड्राइव्हला मागचे दोन आठवडे दर दहा मिनिटांचा बिंदू, पुढे वर्षभर आठवड्याचा. पण साठवण १ वर्षच, ८ वर्षांचा हिशोब त्यात बसत नाही. आणि सगळं त्याच टेनंटच्या (मायक्रोसॉफ्टकडच्या तुमच्या कंपनीच्या खात्याच्या), त्याच ॲडमिनच्या छत्राखाली.

छत्र एकच असण्याचा धोका काल्पनिक नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीची आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हचा ८५८ टीबी डेटा गेला (जी म्हणजे गव्हर्न्मेंट, गूगलशी संबंध नाही). आकार मोठा म्हणून बाहेर कॉपीच नव्हती. उलट उदाहरण मे २०२४ चं: गूगल क्लाउडवर ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाची खासगी क्लाउड व्यवस्था एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. त्यांच्या कॉप्या दुसऱ्या कंपनीकडेही होत्या, म्हणून पुन्हा उभे राहिले.

नॅसचं गणित. १.५ टीबी, १०० एमबीपीएस: कागदावर ३३ तास. प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्ट थ्रॉटल करतं, सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये ४२९ क्रमांकाची एरर दिसते, म्हणजे 'हळू मागा'. ती बिघाड नव्हे. पहिली फेरी चार-पाच दिवस धरा, शनिवारी संध्याकाळी सुरू करा. त्यानंतर रोज फक्त बदल येतात, तासा-दोन तासांचं काम. मालकांना दुसरा आकडाही सांगा: बॅकअपला डाउनलोड लागतो, रिस्टोअरला अपलोड. २० एमबीपीएसवर नुसते ३०० जीबी परत चढवायलाही ३३ तास. म्हणून संकटाच्या दिवशी आधी चालू प्रोजेक्ट नॅसवरूनच लॅनवर उघडायचे, चढवणं मागाहून.

सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर ३६५ आणि वर्कस्पेस दोन्हींचं बॅकअप सॉफ्टवेअर वेगळ्या लायसन्सशिवाय येतं, म्हणजे कोथरूडचंही यातच भागेल. घेताना मॉडेल बीटीआरएफएस फाइल सिस्टीम चालवतं का ते बघा, नाहीतर ते सॉफ्टवेअर बसतच नाही. ८ टीबीच्या दोन डिस्क, आरसा पद्धतीने (दोन्हींवर तोच डेटा). तो आरसा डिस्क मेल्यावर कामाला येतो, चोरी-आगीत नाही. म्हणून दुसरी कॉपी मुंबई रीजनच्या (तिथल्या डेटा सेंटरमधल्या) एस३ प्रकारच्या ऑनलाइन साठ्यात, ऑब्जेक्ट लॉकच्या म्हणजे फाइलला लावलेल्या कुलपाच्या 'कम्प्लायन्स' मोडमध्ये. त्या मोडमध्ये मुदत संपेपर्यंत मुख्य खात्यालाही डिलीट करता येत नाही, म्हणून मुदत विचारून टाका, चुकून १० वर्षं टाकलीत तर १० वर्षं बिल भराल. पुणेकरांना एक विशेष सूचना: मायक्रोसॉफ्टचा 'सेंट्रल इंडिया' रीजन पुण्यातच आहे. म्हणजे नॅस भोसरीत आणि मूळ डेटाही याच शहरात असू शकतो. दुसरी कॉपी बाहेर न्यायला हेही कारण पुरेसं आहे.

नॅसचं ॲडमिन खातं कंपनीच्या लॉगिनला जोडू नका, आणि त्याचं पॅनेल इंटरनेटवर उघडं ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीचे नॅस असेच इंटरनेटवरून गाठून एन्क्रिप्ट केले होते.

---

आवृत्ती_क्र_५०१

वरचं सगळं बसवल्यावर बॅकअप गपचूप बंद कसा पडतो तेही लिहून ठेवतो. ॲप रजिस्ट्रेशनचं सीक्रेट (बॅकअप सॉफ्टवेअरचा मायक्रोसॉफ्टमध्ये शिरायचा पासवर्ड) जास्तीत जास्त २४ महिन्यांचं असतं. ते संपलं की बॅकअप थांबतो, आणि सूचना जाते सोडून गेलेल्या ॲडमिनच्या मेलवर. सूचना सामाईक पत्त्यावर पाठवा, तारीख कॅलेंडरवर लावा. दुसरं, सेटअपच्या दिवशी युजर हाताने निवडले असतील तर नंतर आलेला माणूस बॅकअपमध्ये नसतो. 'सगळे' हा पर्याय घ्या, आणि महिन्यातून एकदा ॲडमिन सेंटरमधल्या खात्यांचा आणि बॅकअपमधल्या खात्यांचा आकडा जुळवा. शेअर्ड मेलबॉक्स, आर्काइव्ह मेलबॉक्स, प्रायव्हेट चॅनेलच्या साइट या तीन गोष्टी वेगळ्या तपासा. तिसरं, जुनं सॉफ्टवेअर असेल तर ते मेल वाचायला एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस ही जुनी वाट वापरतंय की ग्राफ ही नवी, ते विक्रेत्याला विचारा. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये ती जुनी वाट ऑक्टोबर २०२६ पासून बंद करायला घेणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे.

टीम्सची एकास-एक चॅट परत टीम्समध्ये जशीच्या तशी बसत नाही, बहुतेक साधनं एचटीएमएल फाइल काढून देतात. पॉवर ऑटोमेटचे फ्लो (आपोआप चालणारी कामं) झिप करून वेगळे ठेवा.

---

भोसरीचा_एकटा_ॲडमिन

मालकांनी नॅस आणि मुंबईची कॉपी दोन्हीला होकार दिला. चाचणी कशी आणि कधी घ्यायची?

---

तीन_दोन_एक

तीन महिन्यांतून एकदा. एक मेल, परवानग्यांसकट एक फोल्डर, एका असेंब्लीची दोन महिन्यांपूर्वीची आवृत्ती, आणि सोडून गेलेल्या एका माणसाचं वनड्राइव्ह, एवढं परत आणून उघडून बघायचं. उघडायला लावायचं ज्याची फाइल आहे त्याला, तुम्ही नाही. असेंब्लीत पार्ट चुकीचा आलाय हे डिझाइनवाल्यालाच कळतं. प्रत्येकाला किती मिनिटं लागली ते रजिस्टरमध्ये लिहा, ऑडिटरलाही तेच दाखवता येतं. वर्षातून एकदा अख्खी एक साइट वेगळ्या नावाने उभी करा आणि मुंबईच्या कॉपीतूनच करा, नॅस नाही असं समजून.

गुरुवारी मात्र ठेवू नका. भोसरीत महावितरणची देखभाल त्याच दिवशी निघते. आणि नॅसला यूपीएस लावाल तेव्हा त्याची यूएसबी केबलही जोडा. पुष्कळ ठिकाणी फक्त वीज जोडलेली असते, मग बॅटरी संपते तेव्हा नॅस नीट बंद न होता धाडकन पडतो. ५ मिनिटं वीज नसली तर आपोआप बंद हो, असं सेटिंग करा.